मुकादमाला लायसन्स लागतं का, आणि शेतीला सूट म्हणजे नेमकी कशातून सूट

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमची रावेरकडं केळीबाग आहे, लागवडीला आणि कापणीला तुमचा मुकादम सेंधव्याकडून पंचवीस-तीस पावरा आदिवासी मजूर आणतो, राहतात तुमच्याच शेतातल्या शेडमध्ये. एकानं सांगितलं की नवीन कायद्यात मुकादमाला लायसन्स लागतं, दुसरा म्हणतो शेतीला सगळी सूट आहे, काही काळजी करू नका. मग खरं काय, आणि उद्या काही झालं तर कुणाच्या अंगावर येणार. मी जळगाव-धुळे पट्ट्यात ही कामं बरीच वर्षं बघतोय, मजुरांच्या बाजूनंही उभा राहिलोय आणि शेतकऱ्यांच्याही, म्हणून जरा पसरून सांगतो.

थेट उत्तर आधी. पंचवीस-तीस मजुरांवर मुकादमाला ठेकेदाराचं लायसन्स लागत नाही. पण ही सूट लायसन्सपुरतीच आहे. मजुरी, उचल (म्हणजे कामाआधी आगाऊ दिलेले पैसे), अपघात, पोरांचं काम, वेठबिगारी यातल्या कशातूनच ना मुकादमाला सूट आहे ना तुम्हाला. आपल्याकडं घोळ इथंच होतो, "लायसन्स लागत नाही" हे ऐकलं की लोक "कायदाच लागत नाही" असं धरून चालतात.

आता आकडे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा होता, त्यात २० मजुरांची अट होती, महाराष्ट्रानं २०१७ मध्ये ती ५० वर नेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातली कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेची जी संहिता आहे तिच्यात हा जुना कायदा गेला आणि देशभर आकडा ५० झाला. हा ५० सरासरीनं मोजायचा नसतो. मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी ५० झाले तरी झाले. म्हणजे एरवी टोळी तीसची असते पण हंगामाच्या घाईत आठवडाभर मुकादमानं साठ माणसं लावली, तर त्या आठवड्यानं तो लायसन्सच्या कक्षेत आला. काही मुकादम एक टोळी स्वतःच्या नावावर आणि दुसरी भावाच्या नावावर दाखवतात, पण गाडी एक, वही एक, उचल देणारा एक, तर साहेबापुढं ते टिकत नाही. आणि लायसन्स लागत असताना विनालायसन्स मुकादमाकडून माणसं घेतली तर ती माणसं थेट मालकाची धरली जातात, हे मोठ्या बागायतदारांनी आणि कंपन्यांना केळी देणाऱ्यांनी नीट ध्यानात घ्यावं.

दुसरी सूट आहे ती अधूनमधूनच्या कामाची. काम कधीमधी निघणारं असेल तर संहितेतला कंत्राटी कामगारांचा भाग लागू होत नाही. पण त्यालाही मर्यादा घातलीय: वर्षात १२० दिवसांपेक्षा जास्त चाललं, किंवा हंगामी काम असून ६० दिवसांपेक्षा जास्त चाललं, तर ते अधूनमधूनचं राहत नाही. विहिरीचा गाळ काढायला चार दिवस माणसं लावली, ती सूट खरी. कापूस वेचणी दिवाळीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत चालली तर ती सूट गेली. केळीचं तर विचारूच नका, बारमाही काम.

ही संहिता लागते ती "आस्थापने"ला, मग शेताला "आस्थापना" म्हणायचं का, असा मुद्दा वकील काढतात. चार एकर कोरडवाहू, घरचे राबतात, निंदणीला गावातल्या पाच-सहा बाया येतात, त्याला आस्थापना म्हणणं ओढाताणीचं आहे, मीही म्हणणार नाही. पण व्याख्येत उद्योग, व्यापार, धंदा, व्यवसाय असे शब्द आहेत आणि दहा कामगारांची अट आहे. तीस मजूर, ठिबक, पॅकिंग, ट्रक भरून माल दिल्लीला, याला धंदा नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे की अशा बागेनं स्वतःला आत धरूनच चालावं.

आता तुमच्या बाबतीतला खरा मुद्दा, जो तुम्हाला दोघांपैकी कुणीच सांगितला नाही. तुमचे मजूर मध्य प्रदेशातले आहेत. सेंधवा, वरला, खरगोन, बऱ्हाणपूर, सातपुड्याच्या पलीकडून माणूस आला की तो कायद्यानं आंतरराज्य स्थलांतरित होतो. यासाठी १९७९ चा वेगळा कायदा होता, त्यात आकडा फक्त ५ होता. ठेकेदार म्हणजे कोण हे त्यात इतकं पसरून लिहिलेलं की उपठेकेदार, खातेदार, सरदार, एजंट, कुठल्याही नावानं ओळखला जाणारा माणूस, सगळे आत, म्हणजे "मी ठेकेदार नाही हो, मी नुसता मुकादम" ही पळवाट तेव्हाच बंद केलेली. मजुराला फोटोचं पासबुक द्यायचं, गावाकडून यायच्या-जायच्या प्रवासाचा खर्च द्यायचा, त्या दिवसांची मजुरी द्यायची, वर विस्थापन भत्ता. कागदावर हा फार चांगला कायदा होता, पण शेतातल्या टोळीच्या हातात असं पासबुक मी कधी पाहिलं नाही. नव्या संहितेत आकडा ५ चा १० झाला आणि विस्थापन भत्ता गेला, मजुरांच्या बाजूनं बघितलं तर हे नुकसानच आहे आणि ते मी स्पष्ट म्हणतो. एक गोष्ट मात्र चांगली झाली, आधी ठेकेदारानं आणलेलाच माणूस आंतरराज्य मजूर म्हणून धरायचे, आता स्वतःहून आलेलाही धरतात, महिन्याची मजुरी १८,००० पर्यंत असेल तर. तुमचे पंचवीस-तीस म्हणजे दहाच्या वर, त्यामुळं हा भाग तुम्हाला लागतो असं धरा. जाण्यायेण्याचं भाडं नियमांतल्या अटींप्रमाणं मालकाकडं येतं, आणि कुणी दगावला किंवा गंभीर जखमी झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवणं बंधनकारक आहे. नातेवाइकांना दोन दिवसांनी कुणीतरी फोन करून सांगतं, तसं चालत नाही.

यात एक अन्याय आहे तो बोलून दाखवतो. धडगाव-अक्कलकुव्याचं जोडपं कोयता घेऊन ऊस तोडायला बारडोलीला गेलं तर आंतरराज्य, कारण गुजरात. तेच जोडपं त्याहून कितीतरी लांब सांगली-कोल्हापूरला गेलं तर आंतरराज्य नाही, त्याला यातलं काहीच नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये आहे, त्या प्लॅटफॉर्मवर चार पावलं चाललं की माणसाचा कायदा बदलतो. राज्यातल्या राज्यात जाणाऱ्यांसाठी उसतोडीत गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ काढलंय, कारखान्यांकडून टनामागं १० रुपये घेऊन, नोंदणी आणि ओळखपत्र त्यातून मिळतं, आपल्या जिल्ह्यांतल्या तोडणीवाल्यांनी ते जरूर करून घ्यावं. पण कापूस, केळी, मिरचीच्या टोळ्यांना असं काही नाही.

शेतीच्या ठेकेदारासाठी वेगळा कायदा करता येत नाही असंही नाही. अमेरिकेनं १९८३ मध्ये खास स्थलांतरित आणि हंगामी शेतमजुरांसाठी कायदा केला. तिथं मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराला सरकारकडं नोंद करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, मजूर वाहून नेत असेल तर त्याचीही वेगळी परवानगी. सूट कुणाला तर ज्याच्या स्वतःच्या शेतासाठी फक्त घरचीच माणसं भरतीचं बघतात त्याला, आणि ज्यानं आदल्या वर्षी कुठल्याही तिमाहीत ५०० मनुष्यदिवसांपेक्षा जास्त मजुरी वापरली नाही अशा लहान शेतकऱ्याला. पण ही लहानपणाची सूट शेतकऱ्याला आहे, ठेकेदाराला नाही. मला हे योग्य वाटतं. आपण मात्र कारखान्यासाठी बनवलेल्या आकड्याची फूटपट्टी शेतात लावतो आणि मग पंचेचाळीस माणसांचा मुकादम कुणाच्याच नोंदीत नसतो.

आता मजुरी. हिच्यात कुठलाच आकडा नाही, एक मजूर असला तरी किमान वेतन लागतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या अनुसूचीत शेती पहिल्यापासून होतीच, आता २०१९ ची वेतन संहिता आहे. रोजानं असेल तर त्याच दिवशी काम सुटल्यावर, आठवड्यानं असेल तर सुट्टीच्या आधी पैसे द्यायचे, माणूस काम सोडून निघाला की दोन कामाच्या दिवसांत हिशोब. बाईला आणि माणसाला सारख्या कामाला सारखा दर. उक्तं दिलं, किलोवर वेचणी दिली, घडावर कापणी दिली तरी दिवसाची पडत किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. आणि काट्यावर ओलाव्याच्या नावानं दर ओझ्यामागं किलो-दोन किलो कापतात ना, ती पण मजुरीचीच कपात आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मुकादम पैसे घेऊन गायब झाला तर? शेतकरी म्हणतो मी मुकादमाला दिले, माझा विषय संपला. संपत नाही. ठेकेदारानं दिले नाहीत तर ज्याच्या ठिकाणी काम झालं त्यानं द्यायचे, मग त्यानं मुकादमाकडून वसूल करावेत. मजुराला दावा करायला आता तीन वर्षं मिळतात, आधी किमान वेतनासाठी सहाच महिने होते. पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझंही मालकावर आहे. भरपाई थकलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत लावता येते. म्हणजे ज्याच्याकडं कागद नाही तो शेतकरी दोनदा पैसे देणार, हे मी होताना बघितलंय आणि त्यात तो शेतकरी काही लबाड नव्हता.

उचलीबद्दल जरा थांबून बोलतो कारण सगळं दुखणं तिथं आहे. एका टोळीच्या कामात माझ्यापुढं मुकादमाची वही आली होती, साधी दोनशे पानी, प्रत्येक जोडप्याला एक पान. डाव्या बाजूला पावसाळ्यात दिलेली उचल, तिच्याखाली बाजाराची आठवड्याची खर्ची, दवाखाना, रिचार्ज, गाडीभाडं, आणि लाल पेनानं खाडे. खाड्याच्या दिवसाची मजुरी तर नाहीच, वर दंड धरलेला. त्यात एका बाईचे खाडे सलग होते, विचारलं तर बाळंत झाली होती. उजव्या बाजूला कामाची रक्कम, तिच्यातून मुकादमाचं कमिशन कापलेलं. हंगाम संपताना बाकी सुरुवातीच्या उचलीपेक्षा मोठी, खाली अंगठा, आणि पुढच्या वर्षी याच टोळीत यायचं अशी ओळ. पानावर नाव फक्त नवऱ्याचं. बाईनं बरोबरीनं काम केलं पण वहीत ती खाड्यांपुरतीच.

या एका पानावर कायद्याचे किती भंग आहेत बघा. गैरहजेरीची कपात त्या दिवसाच्या मजुरीपुरतीच करता येते. दंड मनानं लावता येत नाही आणि लावला तरी मजुरीच्या तीन टक्क्यांच्या वर जात नाही. सगळ्या कपाती मिळून निम्म्या मजुरीपेक्षा जास्त होता कामा नयेत. मुकादमाचं कमिशन मजुराच्या मजुरीतून कापायला मुळी जागाच नाही, ते मालकानं वेगळं द्यायचं. आणि "बाकी फिटेपर्यंत माझ्याच टोळीत" हे लिहिलं की ते पान १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात जातं. उचल देणं हा गुन्हा नाही, हे नीट समजून घ्या. उचलीच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडं काम करायचं, सोडून जायचं स्वातंत्र्य काढून घेणं किंवा त्याला नाममात्र मजुरीवर राबवणं हा गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं १९८२ च्या एशियाड कामगारांच्या निकालात सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं म्हणजे घटनेच्या कलम २३ मधली सक्तीची मजुरीच. १९८५ मध्ये वेठबिगार कायद्यात दुरुस्ती करून कंत्राटी आणि आंतरराज्य मजूरही त्यात येतात हे स्पष्ट केलं. वेठबिगारी ठरली की बाकी कर्ज आपोआप संपतं, वसूल करता येत नाही, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मजूर आदिवासी असेल आणि राबवणारा बिगरआदिवासी असेल तर अ‍ॅट्रॉसिटीचं कलमही लागतं. इथं ५० नाही, १० नाही, एकटा सालदारसुद्धा पुरे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल धरताना उचल देऊन "सोडून गेलास तर दुप्पट भरशील" असं लिहून घेणारे आपल्याकडं अजून आहेत, त्यांनी ते कागद फाडून नवीन साधे कागद करावेत.

मुकादमाची पण बाजू आहे, ती सांगायलाच हवी. बरेच मुकादम स्वतः कालपर्यंत मजूरच होते. उचलीचा पैसा वरच्या ठेकेदाराकडून किंवा कारखान्याच्या वाहतूकदाराकडून व्याजानं उचललेला असतो, टोळीतली दोन जोडपी पळाली की याची मोटरसायकल आणि घर जातं. त्याला चोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण वरचा पैसेवाला कुठल्याच वहीत नाव येऊ देत नाही आणि सुटतो. म्हणून चौकशीत नेहमी विचारायचं की पैसा मूळ कुठून आला.

पोरांचं थोडक्यात. १४ च्या आतल्या मुलाला कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, २०१६ पासून शेतीतही नाही. शेतीत सूट एकच, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या कामाला हातभार. लोक ही सूट ताणतात, आईबापाबरोबर कापूस वेचतोय म्हणजे घरचंच काम की. शेत तुमचं, माप तुमच्या काट्यावर, मजुरी तुमच्याकडून, तर ते त्याच्या घरचं काम कसं होईल? सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. टोळी आली की झेडपीच्या शाळेत मास्तरांना भेटून पोरांना बसवायची सोय करा, ते घेतात.

अपघाताचं मात्र कृपा करून मनावर घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि १५ मजूर गेले, बरेचसे तुमच्याच रावेर तालुक्यातले, आभोड्याचे. मालावर माणसं बसवून आणत होते. त्यानंतरही मी रोज संध्याकाळी ट्रॉलीत उभी माणसं बघतो, केळीच्या गाडीवर घडांवर बसलेली बघतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा विमा शेतीकामाचा असतो, ट्रॉलीत माणसं असली की विमा कंपनी हात वर करते, मग भरपाई मालकाच्या सातबाऱ्यावर येते. ट्रॅक्टरवर, मळणी यंत्रावर, फवारणीवर काम करणारा मजूर १९२३ च्या नुकसान भरपाई कायद्यातही होता, आता सामाजिक सुरक्षा संहितेत तेच आलंय, आणि ठेकेदाराचा माणूस असला तरी भरपाई आधी मालकाकडून मागता येते. म्हणून मुकादमाबरोबर ठरवतानाच गाडी कुठली, पासिंग कशाचं, हे विचारा आणि भाड्याची प्रवासी गाडी लावा, खर्च थोडा वाढेल.

मग कुणाला खरंच काही लागत नाही? घरच्या माणसांनी घरचं शेत केलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फेडाफेडीनं एकमेकांचं काम केलं, तिथं ठेकेदारच नाही. गावातली एखादी बाई स्वतः राबते आणि बरोबरच्या पंधरा-वीस जणींना निरोप देऊन आणते, पैसे प्रत्येकीच्या हातात पडतात, तिलाही लायसन्सच्या भानगडीत ओढायचं कारण नाही, पण त्या पंधरा-वीस जणींचं किमान वेतन तुमच्यावर आहेच. सालदार थेट तुमचा, तिथं मुकादम नाही, म्हणून ठेकेदारीचा कायदा नाही, बाकी सगळे आहेत.

तुम्ही काय करायचं तर एक साधी वही घाला. त्यात प्रत्येकाचं नाव, बाईचं वेगळं, गाव, वय, आधारचे शेवटचे चार आकडे, दर, दिलेली उचल आणि ती कुणी दिली, आल्या-गेल्याची तारीख. मजुरी मुकादमाच्या हातात गठ्ठ्यानं देऊ नका, ज्याची त्याला द्या, खात्यावर दिली तर उत्तमच, नाहीतर सगळ्यांसमोर आणि सही-अंगठा घेऊन. मुकादमाचं कमिशन वेगळं लिहा. मुकादमाबरोबर एक पानाचा मराठी करार करा, त्यात "मजूर कधीही सोडून जाऊ शकतो" ही ओळ असू द्या, ही ओळ तुम्हालाच वाचवते. पिण्याचं पाणी, संडास आणि बायांना आडोसा असलेलं न्हाणीघर ही सोय तुमच्याकडून हवी, शेड नुसती पत्र्याची असून भागत नाही. आणि मुकादमाला स्वच्छ सांगा की एका दिवशी ५० किंवा त्याहून जास्त माणसं लावायची असतील तर आधी लायसन्सचा ऑनलाइन अर्ज कर.

हे वाचणाऱ्यांत कुणी मजूर किंवा त्यांच्यासाठी धावपळ करणारा असेल तर, मजुरी थकली तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं लेखी द्या आणि पोच घ्या. अडकवून ठेवलं असेल तर थेट प्रांत किंवा कलेक्टरकडं जा, वेठबिगारीत अधिकार त्यांचे आहेत, पोलीस स्टेशनला "हा उचलीचा व्यवहार, आपसात मिटवा" म्हणाले तरी तिथं थांबू नका. आदिवासी, दलित, कुठलीही बाई आणि वेठबिगारीत सापडलेला माणूस यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, फोन १५१००. अर्जाबरोबर वहीच्या त्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो जोडा, मूळ वही नंतर सापडत नाही.